संडासाचे भांडे घेण्यापूर्वी



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की आपल्या भागात बांधकामांना जोर येतो. कुणी स्लॅब टाकतो, कुणी जुन्या घराला मागे दोन खोल्या काढतो, आणि त्याच सपाट्यात न्हाणीघराचे आणि संडासाचेही काम निघते. मग तालुक्याच्या दुकानात जायचे, मांडून ठेवलेली पांढरी, निळी, गुलाबी भांडी बघायची, मेव्हण्याच्या बंगल्यात आहे तसले एक पसंत करायचे आणि गवंड्याला सांगायचे, "हे बसव." गवंडी बसवतो. खाली काय करायचे हे त्याचे तोच ठरवतो, कारण ते कुणी विचारलेलेच नसते.

आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. ऊस लावताना आपण आधी रान बघतो, पाणी बघतो, मग बेण्याचा विचार करतो. को ८६०३२ चे बेणे कितीही चांगले असले तरी पाणथळ, चोपण रानात ते साधत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. संडासाचेही तसेच आहे. भांडे ही शेवटी ठरवायची गोष्ट. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या : मैला-पाणी जमिनीत कुठे आणि कसे जिरणार, घरात रोज पाणी किती मिळते, आणि वापरणारी माणसे कोण आहेत. या तिन्हींची उत्तरे मिळाली की दुकानात फार वेळ लागत नाही.

पहिली गोष्ट जमीन

आपल्या कार्यक्षेत्रात एका गावाची जमीन दुसऱ्या गावासारखी नाही. माळावर मुरूम आहे, मधल्या पट्ट्यात काळी आहे, नदीकाठी मळी आहे (कारखान्याची मळी नव्हे, पुराने आणून टाकलेली मऊ माती), आणि कालव्याच्या खाली पाणी इतके वर आले आहे की पावसाळ्यात हातभर खणले तरी झरते. एकाच गवंड्याने एकाच मापाचे खड्डे या सगळ्या ठिकाणी काढले तर काही ठिकाणी चालतील आणि काही ठिकाणी दुसऱ्याच पावसाळ्यात तुंबतील. तुंबले की दोष भांड्याला दिला जातो. भांडे बिचारे काय करणार!

बघायचे कसे, ते सोपे आहे. ज्या जागी खड्डा काढायचा तिथे पहारीने तीन-चार फूट खोल भोक घ्या, त्यात पाणी ओता आणि ते भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि किती वेळात उतरते ते बघा. मुरमात भराभर उतरते. काळ्या रानात तासन् तास तसेच राहते. दुसरी खूण म्हणजे जवळची विहीर. भाद्रपदात विहिरीचे पाणी जमिनीपासून किती खाली असते ते पाहून ठेवा. उन्हाळ्यातले पाणी बघून उपयोग नाही. खड्ड्याचा तळ आणि भर पावसाळ्यातले पाणी यांच्यात निदान साडेसहा फूट कोरडी माती असावी. मैल्याबरोबर जाणारे रोगजंतू या मातीत अडकतात, मरतात. ती माती मध्ये नसेल तर खड्डा आणि विहीर एकच झाली म्हणायची.

पिण्याच्या पाण्याची विहीर, आड किंवा बोअर खड्ड्यापासून कमीत कमी ३५ फूट लांब असावी, ५० फूट मिळाले तर उत्तम. आपली एकट्याचीच नव्हे, शेजाऱ्याचीसुद्धा. फुटक्या काळ्या पाषाणाची जमीन असेल तर याहून लांब जा, कारण दगडाच्या भेगेतून पाणी गाळले न जाता सरळ वाहते आणि त्याला ५० फूट म्हणजे काहीच नाही. पुष्कळ घरांतून पोरांचे हगवणीचे आणि घरातल्या माणसांचे काविळीचे दुखणे सुटत नाही. डॉक्टर बदलले जातात, पण परसातला खड्डा आणि आड यांच्यातले अंतर कुणी मोजत नाही.

'सेफ्टी टाकी' की दोन खड्डे?

आता खाली काय बांधायचे. गावात विचाराल तर दहापैकी आठ जण सांगतील, "चांगली मोठी सेफ्टी टाकी बांधा, आयुष्यभर बघायला नको." मूळ शब्द सेप्टिक टाकी. आपण तिची सेफ्टी केली. नावाप्रमाणे ती सेफ आहे असे मात्र समजू नये.

सेप्टिक टाकी म्हणजे पाणी न झिरपणारा, दोन कप्प्यांचा बंद हौद. मैला त्यात खाली बसतो, हवेशिवाय वाढणारे जंतू त्याला कुजवतात, आणि वरचे पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. हे बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. ते शोषखड्ड्यात जिरवलेच पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी टाकी पैसे घालून ऐटीत बांधतात आणि तिचे पाणी गटारात सोडतात. म्हणजे संडास घरात आणि घाण गल्लीत. शिवाय टाकीला वास बाहेर काढणारी उंच नळी लागते, ती घराच्या वरपर्यंत न्यावी लागते आणि तिच्या तोंडाला डासांसाठी जाळी लागते. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. पाच माणसांच्या घराला आतून पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि साडेतीन फूट पाणी राहील एवढी टाकी पुरते, वर फूटभर जागा मोकळी ठेवायची. पण आपल्याकडे खोलीएवढी टाकी बांधण्याची हौस आहे. मोठी टाकी कमी वेळा उपसावी लागते हे खरे, पण कधीच उपसावी लागत नाही हे खरे नाही. वीस वर्षे न उघडलेल्या टाकीत गाळ घट्ट बसतो, आणि मग ती उघडायची वेळ येते तेव्हा खरा धोका सुरू होतो.

हे जरा स्पष्ट सांगतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन वायू साठलेले असतात, प्राणवायू नसतो. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्या अशाच घडतात. सडलेल्या अंड्याचा वास आला तरच वायू आहे असेही नाही, कारण वायू जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो. म्हणून टाकीत कुणालाही उतरवू नका, पैसे कितीही कबूल केलेले असोत, तो माणूस कितीही सवयीचा असो. २०१३ च्या कायद्याने माणसाला सेप्टिक टाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांशिवाय असे धोक्याचे काम करायला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. टाकी बांधायचीच असेल तर पंपाचा टँकर तिच्याजवळ येऊ शकेल अशा जागी बांधा आणि झाकण फरशीखाली गाडून टाकू नका.

खेड्यातल्या घराला, जिथे परसात थोडी जागा आहे आणि जमिनीत पाणी मुरते, तिथे आमच्या मते दोन शोषखड्ड्यांचा संडास हाच बरा. स्वस्त आहे एवढेच कारण नाही. तो उपसायला कुणा माणसाला मैल्यात हात घालावा लागत नाही, हे खरे कारण.

या विचाराला आपल्या महाराष्ट्रात जुना आधार आहे. गाडगेबाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. अप्पासाहेब पटवर्धनांचे (१८९४–१९७१) नाव मात्र आपल्या घाटमाथ्यावर कमी घेतले जाते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात या कोकणच्या गांधींनी भंगीमुक्तीचे आणि मैल्याचे सोनखत करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा नुसत्या उपदेशाने जाणार नाही, संडासाची रचनाच बदलली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली सुलभ ही संस्था काढली आणि दोन खड्ड्यांचा संडास देशभर नेला. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनमध्ये पात्र कुटुंबांना १२,००० रुपये प्रोत्साहन ठेवले होते, त्यातही ग्रामीण भागासाठी याच रचनेवर भर होता. तरीही आपल्या सधन सभासदांना वाटते की दोन खड्डे म्हणजे अनुदानातला, गरिबाचा संडास. तसे मुळीच नाही. वरची खोली तुम्ही संगमरवराची करा, खालच्या खड्ड्याला त्याचे काही नाही.

खड्डे कसे काढावेत

पाच माणसांच्या घराला आतून तीन फूट व्यासाचे आणि चार फूट खोलीचे दोन गोल खड्डे. बस्स, एवढेच. असा एक खड्डा भरायला साधारण तीन वर्षे लागतात, घर लहान असेल तर जास्त. माणसे जास्त असतील तर व्यास थोडा वाढवा, खोली वाढवत बसू नका. "पंधरा फूट खणला, आता नातवापर्यंत काळजी नाही," असे अभिमानाने सांगणारे सभासद आम्हाला भेटतात. पंधरा फुटांवर त्यांनी पाण्याच्या झऱ्यात संडास नेऊन सोडलेला असतो.

खड्डा गोल असावा, कारण चौकोनी खड्ड्याच्या भिंती मातीच्या दाबाने आत येतात. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, तिथे हे विशेष सांभाळा. वीटकाम जाळीचे, म्हणजे एक वीट सोडून एक, मध्ये दोन इंचांची भोके ठेवून करायचे. वरचा फूटभर भाग मात्र भोके न ठेवता बांधायचा. तळाला काँक्रीट नको, तो मातीचाच राहू द्या. काही गवंडी सवयीने आतून गिलावा करतात आणि खड्ड्याचा हौद करून टाकतात. त्या दिवशी घरच्या माणसाने तिथे उभे राहिलेच पाहिजे. दोन खड्ड्यांमध्ये निदान सव्वातीन फूट अंतर ठेवा, नाहीतर भरलेल्या खड्ड्यात चालू खड्ड्याचे पाणी झिरपत राहते आणि तो कधी वाळतच नाही.

काळ्या रानात पाणी हळू मुरते, म्हणून खड्डा थोडा मोठा घ्यायचा आणि बाहेरून चारी बाजूंनी फूटभर जाडीचा वाळू व विटांच्या तुकड्यांचा थर भरायचा. त्यामुळे पाणी मुरायला जागा जास्त मिळते. कालव्याखालच्या पाणथळ भागात खड्डा जमिनीच्या वर उचलून बांधायचा, भोवती मातीचा चौथरा भरायचा, तळ बंद करायचा आणि दीड फूट जाड वाळूचे वेष्टण द्यायचे. त्यासाठी संडासाचे जोतेही उंच घ्यावे लागते, पायऱ्या वाढतात. जिथे जमिनीला पाणीच लागलेले आहे तिथे यानेही भागत नाही. तिथे न झिरपणारी पक्की टाकी आणि टँकरची व्यवस्था, किंवा पुढे सांगितलेला गोबर गॅसचा मार्ग.

नदीकाठच्या सभासदांसाठी एक वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरच्या गावांत काय केले ते आपण पाहिले, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाहिले. पुराचे पाणी भांड्याच्या पातळीच्या वर गेले की खड्ड्यातला मैला उलट वर येऊन घरात पसरतो. २०१९ ला पाणी भिंतीवर कुठवर आले ती खूण अजून घराघरात दाखवतात. त्या खुणेच्या वर भांडे नेता येत असेल तर न्या. मजला असेल तर एक संडास वर काढा. खाली घेतलेलाच असेल तर पाण्याचा इशारा आल्यावर भांड्याचे तोंड वाळूच्या पोत्याने दाबून ठेवायची तयारी असावी.

संडासातून निघालेला पाइप खड्ड्याकडे जाताना दर पंधरा फुटांना एक फूट तरी उतार हवा. मध्ये एक लहान चौकोनी कुंडी बांधायची. तिला दोन तोंडे, एक या खड्ड्याला, एक त्या. एकच तोंड उघडे ठेवायचे, दुसरे विटेने आणि मातीने बंद. आम्ही पाहिलेल्या दोन खड्ड्यांच्या संडासांत सर्वांत जास्त चूक इथेच होते. दोन्ही तोंडे उघडी ठेवतात, दोन्ही खड्डे बरोबरच भरतात, आणि मग मालक म्हणतो, "ही योजना काही कामाची नाही." दुसरी चूक म्हणजे पहिला खड्डा दुसऱ्याला जोडणे, पहिला भरला की पाणी दुसऱ्यात उतरावे म्हणून. तसे केले की पहिल्याला विश्रांतीच मिळत नाही. रानाला पाणी देताना एक सरी बांधून दुसरी फोडतो, तितकी सोपी गोष्ट आहे ही.

या खड्ड्यांना हवेची नळी लागत नाही. वायू सभोवतालच्या मातीत मुरतो. तरी गवंडी नळी लावतोच, आणि तिथून डास व वास दोन्ही येतात. आंघोळीचे, भांड्यांचे पाणी या खड्ड्यात सोडू नका. त्याला वेगळी वाट द्या, परसातल्या केळींना किंवा अळूला.

आता भांडे

इथवर आल्यावर भांड्याची निवड सोपी होते. उकिडवे बसायचे भांडे मुख्यतः दोन तऱ्हेचे मिळते. एक नेहमीचे, पाय ठेवायच्या जागेसकट येणारे, ज्याला दुकानदार ओरिसा पॅन म्हणतात. त्याचा तळ बराच सपाट असतो. दुसरे रूरल पॅन. त्याला मागून पुढे तीव्र उतार असतो, २५ ते २८ अंशांचा, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ट्रॅपमध्ये, गवंडी ज्याला कोंबडा म्हणतात त्यात, पाण्याची आडकाठी फक्त पाऊण इंचाची असते. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला निघून जातो. सपाट भांड्याला आणि मोठ्या ट्रॅपला तेच काम करायला बादलीभर पाणी लागते.

हिशेब करून बघा. घरात दिवसातून पंधरा वेळा पाणी टाकले जाते असे धरू. दोन लिटरप्रमाणे ३० लिटर, दहा लिटरप्रमाणे १५० लिटर. रोजचा फरक १२० लिटर, वर्षाचा ४३,८०० लिटर. म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. उन्हाळ्यात हे पाणी कोण आणते? बहुतेक घरांत बायका आणि मुली. नळाला पाणी असले तरी ते पाणी शेवटी खड्ड्यातच जाते, आणि काळ्या रानात खड्डा तुंबतो तो मैल्याने नव्हे, या जादा पाण्याने. म्हणून शोषखड्डे असतील तर रूरल पॅनच घ्यावा असा आमचा आग्रह आहे. दुकानदार "तो मागे पडला, आता कुणी घेत नाही," म्हणेल. त्याच्याकडे नसेल तर मागवून घ्यायला सांगा. मोठ्या ट्रॅपवर रूरल पॅन बसवून मात्र काही साधत नाही, दोन्ही एका जोडीचे हवेत.

चिनी मातीचे भांडे गुळगुळीत असते, घासायला सोपे. फायबरचे हलके व स्वस्त, पण त्यावर चरे पडतात आणि चऱ्यात घाण धरते. घेताना आतून हात फिरवून बघा, कुठे खडबडीत लागले किंवा तडा दिसला तर परत द्या. रंग शक्यतो पांढरा. घाण दिसते म्हणूनच पांढरा.

कमोड कुणाला?

पूर्वी कमोड म्हणजे शहरी चैन समजत. आता आमच्याकडे म्हातारी माणसे येऊन सांगतात की गुडघे वाकत नाहीत, उठता येत नाही, म्हणून दोन-दोन दिवस पोट दाबून धरतो, जेवण कमी करतो. ही चैन नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे उसात खुरपले, भांगलण केली, त्याचे किंवा तिचे गुडघे जाणारच. घरात सांधेदुखीचे, लकव्याचे माणूस असेल, बाळंतीण असेल, तर बसायचे भांडे हवे.

पण त्यासाठी उकिडवे भांडे फोडून कमोड बसवलाच पाहिजे असे नाही. मधोमध भोक असलेली लोखंडी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, ती आहे त्या भांड्यावर ठेवता येते, काम झाले की बाजूला करता येते. खुर्चीचे पाय घसरत नाहीत ना एवढे बघा. घरातली तरुण माणसे उकिडवी बसणारी आणि एकच म्हातारे माणूस असेल तर आम्ही हीच सल्ला देतो.

नवे घर असेल आणि दोन संडास होणार असतील तर एक साधा, एक कमोडचा करावा, आणि कमोडचा संडास म्हातारी माणसे झोपतात त्या खोलीजवळ. कमोड घेताना खालचे तोंड बघा. काहींचे तोंड जमिनीतून खाली जाते, त्याला एस ट्रॅप म्हणतात, काहींचे मागे भिंतीकडे, तो पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्येही भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंतचे अंतर चार इंच, नऊ इंच, बारा इंच असे वेगवेगळे येते. आधी पाइप गाडून बसलात आणि मग कमोड आणला की फरशी फोडावी लागते. म्हणून एकतर कमोड आधी आणून ठेवा, नाहीतर माप कागदावर लिहून दुकानात जा.

पाण्याची टाकी दोन बटनांची घ्यावी, लहान बटनाला तीन लिटर आणि मोठ्याला सहा लिटर सोडणारी. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर सोडत. सहा लिटर म्हटले तरी रूरल पॅनच्या तिप्पट पाणी झाले, तेव्हा कमोड जोडायचा असेल तर शोषखड्डा त्या हिशेबाने मोठा काढावा लागतो. वीज नाही, टाकीत पाणी नाही अशा दिवशी कमोडमध्ये बादलीने पाणी टाकता येते, पण ते एका धारेत, जोरात ओतावे लागते. वर पाय ठेवूनही बसता येते आणि खुर्चीसारखेही, असे एक मिश्र भांडे पूर्वी फार खपत असे. त्यावर चढताना पाय घसरून पडण्याचा धोका असतो. ते घेऊ नये.

भिंतीला धरायला एक भक्कम दांडी बसवा, टॉवेलची नव्हे. दार बाहेर उघडणारे करा. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते.

जनावरे असतील तर

ज्यांच्या दावणीला तीन-चार जनावरे आहेत आणि गोबर गॅसचे यंत्र आहे किंवा घ्यायचे आहे, त्यांनी संडास त्याला जोडावा. वेगळा खड्डा लागत नाही, गॅस थोडा वाढतो. संडासाची फरशी यंत्राच्या तोंडापेक्षा उंच हवी, म्हणून जागा आधीच ठरवावी. "त्या गॅसवर स्वयंपाक कसा करायचा?" असे विचारणारे अजून आहेत. चुलीवर येतो तो वायू, त्याला सोवळे-ओवळे नाही. बाहेर पडणारी मळी मात्र थेट भाजीपाल्याला देऊ नये. खताच्या खड्ड्यात पाचटाबरोबर चांगली कुजवून मग उसाच्या सरीत घालावी.

गोबर गॅस असो, सेप्टिक टाकी असो की खड्डे, भांडे धुवायला अ‍ॅसिड आणि रोज बाटलीभर फिनेल वापरू नका. मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. साधा साबण, ब्रश आणि पाणी पुरते.

भरलेला खड्डा

पहिला खड्डा भरला की कुंडी उघडायची, त्याचे तोंड बंद करायचे, दुसऱ्याचे खोलायचे. अर्ध्या तासाचे काम, ते घरच्या कुणीही करावे. बंद केलेला खड्डा पुढे दोन वर्षे उघडू नये. दीड-दोन वर्षांत मैल्याचे तपकिरी, भुसभुशीत, वास नसलेले खत होते. फावड्याने काढून रानात नेता येते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला न घालता उसाला, फळझाडांना घालावे. पावसाळ्यात उघडू नये, उन्हाळा बरा. आत ओल दिसली तर पुन्हा झाकून ठेवावा, घाई करू नये.

घरातल्या घरात कुणालाच आठवत नाही की खड्डा कधी बदलला. म्हणून ज्या दिवशी तोंड बंद कराल त्याच दिवशी झाकणावर ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने महिना आणि साल कोरून ठेवा.